गुंतवणूक आली की निसर्गाचं काय होतं, हे नक्की कोण ठरवतं?

नीलमोहर (मूळ लेख)

'परकी गुंतवणूक वाढली की प्रदूषण वाढतं' आणि 'परकी गुंतवणूक आली की स्वच्छ तंत्रज्ञान येतं' ही दोन्ही वाक्यं मी सारख्याच ठामपणे बोललेली ऐकते. दोन्ही बाजूंकडे खरी उदाहरणं आहेत. त्यामुळे प्रश्नच चुकीचा विचारला जातोय असं मला वाटायला लागलंय. दोन देशांची जोडी घेऊन माझं म्हणणं मांडते.

नायजेरियात ओलोइबिरीला १९५६ साली तेल सापडलं. नॉर्वेला उत्तर समुद्रात एकोफिस्कला १९६९ साली. तेलाबरोबर वायूही वर येतो आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता. नळ टाकून विकायचा, परत जमिनीखाली दाबायचा, नाहीतर विहिरीच्या तोंडाशीच पेटवून द्यायचा. पेटवण्यात कंपनीचा खर्च सगळ्यात कमी.

१९७१ साली नॉर्वेच्या संसदेत तेलधोरणाची दहा सूत्रं मांडली गेली. त्यातलं एक असं, की वापरण्याजोगा वायू जाळायचा नाही, सूट फक्त थोड्या काळाच्या चाचण्यांपुरती. एकोफिस्कचा वायू आधी परत खडकात दाबला गेला आणि १९७७ पासून समुद्राखालच्या नळाने जर्मनीला जायला लागला. कायदा नायजेरियानेही केला. १९७९ सालच्या त्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी १९८४ नंतर परवानगीशिवाय वायू जाळायचा नव्हता. पण परवानग्या मिळत राहिल्या आणि दंड इतका किरकोळ, की नळ टाकण्यापेक्षा दंड भरणं परवडायचं. १९९८ पासून दंडाचा दर होता हजार घनफुटांना तिथल्या चलनात १० नायरा. मोठ्या उत्पादकांसाठी तो २ डॉलरवर गेला २०१८ साली, म्हणजे बंदीची तारीख उलटून ३४ वर्षांनी. नायजर नदीच्या मुखाशी त्या ज्वाळा अजून पूर्ण विझलेल्या नाहीत.

दोन्हीकडे भांडवल प्रचंड होतं, मोठ्या परदेशी कंपन्या होत्या, यंत्रं तीच आणि शिकलेले अभियंतेही तसेच. फरक होता तो सरकार 'हे चालणार नाही' म्हणाल्यावर पुढे काय घडतं यात. पैसा वाट काढतोच. ती वाट कुठून जाईल हे तिथला कारभार ठरवतो, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं, आणि याच्या उलट जाणारी उदाहरणं कोणाकडे असतील तर तीही हवी आहेत.

कोरा_कागद

वाचतोय. चांगला विषय.

पाऊलवाट

जोडी आवडली, पण नॉर्वेला इतके पूर्ण गुण देऊ नका. विहिरीपाशी वायू जळत नाही हे बरोबर. पण तेच तेल आणि तोच वायू दुसऱ्या देशात जाऊन जळतो आणि तो धूर त्या देशाच्या खात्यावर पडतो. उत्तम कारभाराचा देश स्वतःचं अंगण स्वच्छ ठेवून कचरा बाहेर टाकू शकतो.

टाकतोही, आणि अगदी शब्दशः. २००६ च्या ऑगस्टमध्ये 'प्रोबो कोआला' या जहाजावरचा विषारी गाळ आयव्हरी कोस्टमध्ये आबिजान शहरात ठिकठिकाणी ओतला गेला. त्याआधी हे जहाज ॲम्स्टरडॅमला थांबलं होतं. तिथे विल्हेवाटीचा खर्च जास्त सांगितला, तेव्हा माल परत जहाजावर चढला. घातक कचऱ्याच्या वाहतुकीवरचा बाझल करार १९८९ सालचा, म्हणजे कागद तयार होऊन १७ वर्षं झाली होती.

गणिती

माझं रोजचं काम याच आकड्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या विषयावरचे बहुतेक शोधनिबंध एका वक्राभोवती फिरतात. उत्पन्न वाढतं तसं आधी प्रदूषण वाढतं, एका टप्प्यानंतर कमी होतं, उलट्या वाटीसारखी रेघ. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने हे मांडलं. १९९५ च्या निबंधात बऱ्याच प्रदूषकांसाठी हे वळण दरडोई ८,००० डॉलरच्या आत येतं असं त्यांना आढळलं, तेही १९८५ च्या किमतींत. लोकांनी यातून एवढंच उचललं की 'आधी श्रीमंत व्हा, हवा आपोआप शुद्ध होईल'. त्या दोघांनी मात्र स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की यात आपोआप काही नाही. उत्पन्न वाढल्यावर लोक कडक नियम मागतात आणि सरकार ते करतं, हा मधला दुवा आहे. तो दुवा म्हणजेच कारभार.

हा वक्र गंधकाच्या धुराला बऱ्यापैकी लागू पडतो, कार्बन डायऑक्साइडला फारसा नाही. गंधकाचा धूर आपल्याच नाकात जातो, आपलीच मुलं खोकतात, म्हणून मागणी उठते. कार्बन सगळ्या जगात पसरतो, त्यामुळे तक्रार करणारा आणि धूर काढणारा एकाच मतदारसंघात सापडत नाहीत.

आता मोजमापाकडे येतो. कारभारासाठी जवळपास सगळे जागतिक बँकेचे निर्देशांक वापरतात. १९९६ पासून आहेत. नागरिकांचा आवाज, राजकीय स्थैर्य, प्रशासनाची परिणामकारकता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण असे सहा भाग. गुण साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या पट्टीवर. मला तीन अडचणी नेहमी येतात. हे बहुतांशी तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बेतलेले आहेत. वर्षानुवर्षं जगाची सरासरी शून्यावरच आणून ठेवलेली असल्याने सगळं जग एकदम सुधारलं तरी पट्टीला ते दिसणार नाही. आणि देशाचा आकडा वर्षाला इतका थोडा हलतो, की देशनिहाय कायमचे फरक सूत्रातून वजा केले की हातात जवळजवळ काहीच उरत नाही. 'कारभार एक गुणाने सुधारला की उत्सर्जन इतके टक्के घटतं' असं कोणी लिहिलं की मी आधी हे तपासतो.

गुंतवणुकीच्या आकड्याचीही तीच गत आहे. तांब्याची खाण आणि सॉफ्टवेअरचं कार्यालय एकाच रकान्यात बेरीज होऊन बसतात. त्या बेरजेतून कधी अधिक उत्तर निघतं, कधी उणे, आणि दोन्हींवर निबंध छापून येतात.

पाऊलवाट, तुमचा मुद्दा मोजणीतही दिसतो. विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी आणलेलं 'पर्यावरणीय पाऊल' हे माप देशाच्या सीमेतल्या धुराऐवजी तिथले लोक काय वापरतात त्यावर चालतं. ते लावलं की चांगल्या कारभाराचे कितीतरी देश यादीत एकदम वाईट ठिकाणी दिसतात.

अनघा_प

मग सरासरी बाजूला ठेवू आणि एकच देश बघू. ब्राझीलचं ॲमेझॉन या धाग्यात यायलाच हवं, कारण तिथे देश तोच, जंगल तेच, आणि फक्त कारभार आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला बदलला.

२००४ साली ॲमेझॉनमध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटलं. २०१२ साली ४,५७१. याच काळात ब्राझीलची अर्थव्यवस्था वाढत होती, सोयाबीन आणि गोमांसाची निर्यातही.

काय केलं, तर २००४ मध्ये सगळ्या खात्यांचा मिळून एक कृती आराखडा झाला. पर्यावरणमंत्री होत्या मरीना सिल्वा, स्वतः ॲमेझॉनमध्ये रबर गोळा करणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या. उपग्रहाचे वार्षिक नकाशे आधीही होते, पण ते हातात यायचे तेव्हा झाडं पडून, जाळून, गवत उगवून गुरं चरत असायची. 'डेटेर' ही नवी व्यवस्था साधारण दर पंधरवड्याला कुठे तोड चालू आहे ते दाखवायला लागली, त्यामुळे तपासनीसांना करवती चालू असतानाच तिथे पोचता यायला लागलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २००८ चं पाऊल, आणि ते पर्यावरण खात्याचं नव्हतंच. देशाच्या चलनविषयक परिषदेने ठराव केला, की ॲमेझॉन क्षेत्रात शेतीचं कर्ज हवं असेल तर जमिनीची कागदपत्रं आणि पर्यावरण नियम पाळल्याचा पुरावा बँकेत द्यावा लागेल. ज्या पैशावर जंगल तोडून कुरणं उभी राहत होती तोच पैसा त्या अटीने अडवला. नीलमोहर, तुमच्या 'पैसा वाट काढतो' या वाक्याला मला इतकं नेमकं दुसरं उदाहरण माहीत नाही.

त्याच वर्षी जास्त तोड असलेल्या ३६ नगरपालिकांची काळी यादी जाहीर झाली. त्यात पारा राज्यातलं पारागोमिनास होतं, लाकूडगिरण्यांचं गाव. यादीतून सुटायचं तर ८० टक्के खाजगी जमिनीची पर्यावरणीय नोंदणी आणि वर्षाची तोड ४० चौरस किलोमीटरच्या खाली, अशी अट होती. नगरपालिका, जमीनमालक, सगळे एकत्र बसले आणि २०१० मध्ये यादीतून बाहेर पडणारं ते पहिलं गाव ठरलं.

आता उलटी बाजू. सुरुवातीच्या उपग्रहाला २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा ओळखता यायचा नाही. तोडणाऱ्यांना हे कळलं आणि तुकडे लहान व्हायला लागले. २०१२ च्या नव्या वनकायद्याने जुलै २००८ आधीच्या बेकायदा तोडीला मोठी माफी दिली. पुढे तपासणी आणि दंडवसुली ढिली पडली आणि २०२१ साली आकडा परत १३,०३८ वर गेला. उपग्रह वर तसाच फिरत होता, फोटो येत होते, कायदे पुस्तकात होते. मरीना सिल्वा २०२३ मध्ये पुन्हा मंत्री झाल्या, पथकं पुन्हा जंगलात गेली आणि २०२४ चा आकडा ६,३०० च्या आसपास आला. हे लिहिताना मला आशाही वाटते आणि भीतीही, कारण एका निवडणुकीवर इतकं जंगल टांगलेलं आहे.

गणिती

अनघा, उत्तम. माझ्या समीकरणात जे दिसत नाही ते हेच. ब्राझीलचे निर्देशांक या काळात इतक्या झपाट्याने हलले नाहीत, आणि जंगलाचं नशीब दोनदा फिरलं.

कोरा_कागद

एक शंका. 'चांगला कारभार' म्हणजे लोकशाहीच का? चीनने हवा ज्या वेगाने सुधारली तो वेग किती लोकशाही देशांना जमलाय?

दीपस्तंभ

शंका रास्त आहे. बीजिंगमध्ये सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी २०१३ साली घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२१ साली ३३. आठ वर्षांत इतकी घट ही खरोखर मोठी गोष्ट आहे. प्रशासनाची परिणामकारकता हा घटक तिथे भक्कम आहे. वरून लक्ष्य आलं की बॉयलर बदलतात, कारखाने हलतात, पैसा उभा राहतो.

पण आवाज हा घटक गैरहजर होता असंही नाही. बीजिंगच्या अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये छतावर धूलिकण मोजायचं यंत्र बसवलं आणि दर तासाचा आकडा इंटरनेटवर जाहीर करायला सुरुवात केली. सरकारी आकडा 'ठीक' म्हणत असताना लोकांना दुसरा आकडा दिसायला लागला. २०१३ च्या जानेवारीतल्या धुरक्याने तर झाकण्यासारखं काही ठेवलं नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हवेचा राष्ट्रीय कृती आराखडा आला.

आवाज दाबला की काय होतं हेही तिथेच दिसतं. शिआन शहरात २०१६ मध्ये पर्यावरण कार्यालयातल्याच माणसांनी मोजणी यंत्राच्या तोंडात कापूस कोंबला, म्हणजे हवा गाळून आत जाईल आणि आकडा कमी येईल. पकडले गेले, शिक्षाही झाली. बढती ज्या आकड्यावर मिळते तो आकडा त्याच माणसाच्या ताब्यात असेल तर दुसरं काय होणार? मोजणारा स्वतंत्र असणं मला यात फार मोलाचं वाटतं, राज्यपद्धती कुठलीही असो.

पाऊलवाट यांचा अंगणाचा मुद्दा इथेही आहे. घरी कोळशावर बंधनं घालत असताना चीनच्या बँका परदेशात कोळशाची वीजकेंद्रं उभी करायला कर्ज देत होत्या. ते नव्याने बांधणार नाही अशी घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत झाली. तोवर कर्ज घेणाऱ्या देशाने जे मागितलं ते बांधून मिळालं.

समुद्रकाठ

मी प्रकल्पांना कर्ज देण्याच्या क्षेत्रात आहे. आतापर्यंत सगळे कारभार गुंतवणुकीला लगाम घालतो याबद्दल बोलले. कारभार व्याजदरात कसा शिरतो ते सांगतो, कारण बाहेर याची चर्चा फार कमी होते.

सौर प्रकल्पाचा जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. ऊन फुकट. म्हणजे विजेचा भाव बराचसा व्याजावर ठरतो. समजा प्रकल्पाला १०० रुपये लागले आणि ते २० वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे आहेत. व्याज ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ८.०२ रुपये. १२ टक्के असेल तर १३.३९. तेच पॅनेल, तेच ऊन, आणि वीज दीडपटीहून महाग. वायूवर चालणाऱ्या केंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो, तो वर्षावर्षाला होतो, त्यामुळे महाग व्याजाचा फटका त्याला कमी बसतो.

हे ५ आणि १२ कुठून येतात? सरकारी वीजमंडळ वेळेवर पैसे देईल का, पुढचं सरकार करार पाळेल का, वाद झाला तर न्यायालय किती वर्षं घेईल, नफा देशाबाहेर नेता येईल का, या प्रश्नांच्या उत्तरांतून. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीतही विकसनशील देशांत अशा प्रकल्पांचं भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग दिसतं. म्हणजे जिथे ऊन जास्त तिथेच सौर वीज परवडत नाही. कोणी मुद्दाम प्रदूषण निवडलेलं नसतं, व्याजाने त्यांच्यासाठी ते आधीच निवडून ठेवलेलं असतं.

यावर एक तोड निघाली आहे. झांबियात २०१६ साली सौर लिलावात युनिटला ६.०२ सेंट असा भाव आला, तोही २५ वर्षांसाठी स्थिर. तेव्हा आफ्रिकेत इतकी स्वस्त सौर वीज कुठे नव्हती. जागतिक बँक गटाने तयार करार आणि पैसे बुडाले तर भरपाईची हमी मागे उभी केली होती. देशाचा कारभार रातोरात सुधारला नव्हता, दुसऱ्याची पत उसनी मिळाली होती.

नीलमोहर

समुद्रकाठ, हा हिशोब मी असा मांडून कधीच पाहिला नव्हता. माझ्या मूळ लेखात कारभार म्हणजे 'नाही म्हणण्याची ताकद' एवढंच होतं. 'हो म्हटलेलं पाळण्याची ताकद' हा अर्धा भाग राहिला होता. तो जोडून घेते.

पाऊलवाट, नॉर्वेबद्दलचा आक्षेप मान्य. त्यांच्या कायद्याने त्यांची विहीर स्वच्छ झाली, जगाचा धूर कमी झाला नाही. तरी एक गोष्ट नोंदवते. त्यांनी १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला, समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनालाही. स्लाइपनर क्षेत्राच्या वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त होता, विकण्याआधी तो काढून टाकावाच लागायचा. हवेत सोडला तर कर. म्हणून १९९६ पासून कंपनी तो समुद्रतळाखालच्या वाळूखडकात दाबते आहे, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. कर नसता तर हे भांडवल कोणी घातलं नसतं.

उसन्या पतीबद्दल मात्र धास्ती वाटते. उसनं आणलेलं टिकतं का?

समुद्रकाठ

नेहमी नाही. चाड ते कॅमेरून तेलवाहिनीला जागतिक बँकेने २००० साली पाठिंबा दिला तो एका अटीवर. तेलाच्या पैशातला वाटा गरिबी हटवण्यासाठी आणि काही भाग पुढच्या पिढ्यांच्या निधीत ठेवायचा. चाडने १९९९ मध्ये तसा कायदाही केला होता. वाहिनी पुरी झाली, तेल वाहायला लागलं आणि २००६ च्या सुरुवातीला चाडने कायदा बदलून तो निधीच काढून टाकला. २००८ मध्ये बँकेचं कर्ज मुदतीआधी फेडून घेऊन बँक बाहेर पडली. नळ जमिनीत गेल्यावर अट घालणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. झांबियात हमी करार संपेपर्यंत सोबत राहते, म्हणून ती रचना मला जास्त भक्कम वाटते.

पाऊलवाट

आणि करार पाळण्याचं शस्त्र उलटंही चालतं, हे विसरू नका. हॅम्बुर्गमधलं मोरबुर्गचं कोळसा केंद्र. एल्ब नदीचं पाणी थंडाव्यासाठी किती घ्यायचं, किती गरम करून परत सोडायचं यावर शहराने बंधनं घातली. वॅटनफॉल या स्वीडिश सरकारी कंपनीने २००९ मध्ये ऊर्जा सनद कराराखाली, म्हणजे परदेशी ऊर्जा गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, जर्मनीवर १.४ अब्ज युरोंचा दावा लावला. तडजोड झाली आणि बंधनं सैल झाली. पुढे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की या केंद्राला परवानगी देताना जर्मनीने निसर्गरक्षणाचा युरोपीय नियम मोडला. केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं होतं, २०२१ मध्ये बंदही झालं.

जर्मनीसारख्या देशाला हे झेपलं. ज्या देशाचा सगळा अर्थसंकल्प काही अब्जांचा आहे तिथला मंत्री दाव्याची नोटीस पाहूनच नियम मागे घेईल. म्हणून समुद्रकाठ, 'गुंतवणूकदाराला हमी द्या' म्हणताना कशाची हमी हे नीट लिहायला हवं. पैसे वेळेवर मिळतील याची द्या. नियम कधीच कडक होणार नाहीत याची नको.

समुद्रकाठ

पूर्ण सहमत. आमच्याकडच्या वाटाघाटींत सगळ्यात जास्त वेळ याच एका कलमावर जातो.

अनघा_प

गुंतवणूक अफाट, प्रशासन ताकदवान, आवाज शून्य असलं की काय होतं त्याचं मोठं उदाहरण अजून आलं नाही, ते म्हणजे अरल समुद्र, कझाकस्तान आणि उझबेकिस्तानमधलं प्रचंड खारं सरोवर. १९६० नंतर सोव्हिएत सरकारने कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्या कालव्यांत वळवल्या. आराखडा होता तसाच राबवला गेला. समुद्र आटेल हे नियोजनकर्त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तो खर्च मान्य केला होता. काठावरच्या कोळ्यांना कोणी विचारलं नाही.

उत्तरेच्या कझाक बाजूला १९९० च्या दशकात स्थानिक प्रशासनाने वाळूचा बांध घातला. त्याने पाणी चढायला लागलं, पण १९९९ च्या एप्रिलमध्ये वादळात तो फुटला. तरी बांध घातला तर समुद्र वाचतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग जागतिक बँकेच्या कर्जाने कोक-अरलचं पक्कं धरण २००५ मध्ये झालं, साधारण १३ किलोमीटर लांबीचं. ठरलेली पातळी यायला कितीतरी वर्षं लागतील असा अंदाज होता, सात महिन्यांत आली. खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे परतले, अराल्स्कच्या बाजूला मासेमारी पुन्हा सुरू झाली.

कोरा_कागद

आणि दक्षिणेकडे?

अनघा_प

दक्षिणेला अमू दर्याचं पाणी शेतांतच संपतं. दक्षिण समुद्राचा पूर्वेकडचा भाग २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडलेला उपग्रहातून दिसला. उघड्या तळावरची खारी धूळ अडवायला उझबेकिस्तान तिथे सॅक्सौलची झुडपं लावतोय, आणि त्याच तळाखाली नैसर्गिक वायूचा शोधही चालू आहे.